शेकाट्या आणि शिंपी: जागेनं काय दिलं, वंशानं काय दिलं

शेकाट्या हा उथळ पाण्यातला पक्षी. पांढरं अंग, काळे पंख, सरळ बारीक काळी चोच आणि अंगाच्या मानानं अतोनात लांब गुलाबी पाय. शिंपी झुडपातला. पाठ हिरवट, पोट पांढुरकं, कपाळ तांबूस, शेपटी बहुतेक वेळा उभी. पहिल्याचं वजन 150 ते 200 ग्रॅम, दुसऱ्याचं 6 ते 10 ग्रॅम. दोघांची तुलना करायला घेतली की एक मोठा, एक लहान, एक पाण्यातला, एक पानांतला, एवढ्यावर ती बहुतेक वेळा आटोपते. मला मात्र या जोडीत पक्षीशास्त्रातला एक फार मोलाचा प्रश्न दिसतो. पक्ष्याच्या अंगावरची कुठली गोष्ट त्याच्या राहत्या जागेमुळे घडली आणि कुठली त्याला पूर्वजांकडून मिळाली? या दोन गोष्टी नजरेला एकत्रच दिसतात. त्या वेगळ्या करता आल्या की कुठलाही पक्षी अधिक कळायला लागतो.

पायांपासून सुरुवात करू. शेकाट्याचा पाय मध्येच मागच्या बाजूला वाकतो आणि त्याचा गुडघा उलटा आहे असं बघणाऱ्याला वाटतं. तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो आणि आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याखाली जी लांब नळी दिसते ती नडगी नव्हे. पावलाची हाडं एकमेकांत जुळून ते एक सलग हाड झालेलं आहे. जमिनीला टेकतात ती फक्त बोटं. म्हणजे पक्षी आयुष्यभर चवड्यांवर उभा असतो. शिंप्याच्या पायाची रचनाही हाडागणिक हीच आहे. शेकाट्यात फरक झाला तो लांबीचा. घोट्याच्या वरचं आणि खालचं अशी दोन्ही हाडं लांबली. एकच लांबलं असतं तर अंड्यांवर बसताना त्याचा तोल गेला असता. दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लांब असल्यामुळे पाय घडी घालून खाली बसलं तरी शरीराचा भार पावलांच्या वरच राहतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सोडला तर अंगाच्या मानानं इतके लांब पाय क्वचितच कुणाचे असतील.

आता बोटं बघा. शेकाट्याला पुढे तीन बोटं आहेत, मागचं बोट नाहीच. त्याला फांदी धरायची नसते, त्यामुळे त्या बोटाचा उपयोगही उरलेला नाही. शिंप्याला पुढे तीन आणि मागे एक असं भक्कम बोट आहे, आणि ते पुढच्या तिघांच्या समोर येऊन फांदी घट्ट पकडतं. शिंपी, चिमणी, बुलबुल, दयाळ यांच्या गणाला पॅसेरिन म्हणतात. या गणातल्या जवळजवळ सगळ्या पक्ष्यांत मागचं बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, इतर बोटांच्या कंडरेपासून सुटी असते. त्यामुळे ते बोट स्वतंत्रपणे आवळता येतं. वाऱ्यात हेलकावणाऱ्या बोटभर जाडीच्या डहाळीवर उलटं लटकून पानाखालची अळी टिपायची, तर अशी पकड हवीच.

पाण्यात तासन् तास उभं राहणाऱ्याची अडचण वेगळी असते. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतं. त्यावर वेडर पक्ष्यांच्या, म्हणजे उथळ पाण्यात आणि चिखलात चालून खाणाऱ्या पक्ष्यांच्या, पायांत फार सुरेख व्यवस्था आहे. शरीराकडून खाली येणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि पावलांकडून वर जाणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना बिलगून असतात. खाली येणारं रक्त आपली उष्णता वाटेतच वर जाणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. परिणामी पाय गार राहतात, पण शरीर गार होत नाही. शिवाय पाय हलवणारे मोठे स्नायू वर, पिसांच्या आत असतात. खालच्या उघड्या भागात हाड, कंडरा आणि कातडी, एवढाच ऐवज. गारठण्यासारखं तिथं फारसं काही नसतंच. एका पायावर उभं राहून दुसरा पिसांत घेतला की आणखी बचत. हे उभं राहणं किती बिनकष्टाचं असतं, ते 2017 साली रोहित पक्ष्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं. मेलेल्या रोहिताचं शरीरही स्नायूंच्या जोराशिवाय एका पायावर तोल धरून उभं राहू शकत होतं.

चोचीकडे वळलं की वेडरांचं जग खऱ्या अर्थानं उलगडतं. एकाच चिखलाच्या पट्ट्यावर दहा जातींचे पक्षी शेजारी शेजारी चरतात आणि त्यांची फारशी भांडणं होत नाहीत, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीवर पोहोचते. आखूड चोचीचा चिखल्या डोळ्यांनी शोधतो. पळतो, थबकतो, बघतो, टिपतो. टिलवा वरच्याच थरात भराभर चोच मारत पुढे सरकतो. लांब चोचीचा गॉडविट चिखलात चोच मुळापर्यंत खुपसतो. मोठ्या कर्ल्यूची वाकडी चोच 15 सेंमीच्या आसपास जाते आणि खोल बिळात दडलेले किडे, खेकडे बाहेर काढते. शेकाट्या चिखल फारसा उकरत नाही. गुडघाभर, म्हणजे आता कळलं तसं घोटाभर, पाण्यात शांतपणे पावलं टाकत तो पृष्ठभागावरचे आणि त्याच्या जरासे खालचे किडे अलगद उचलतो. इतर छोट्या वेडरांना जिथं पोहावं लागेल, तिथं तो चालत जातो. लांब पायांनी त्याला मिळवून दिलं ते हे, शेजाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचं पाणी.

चिखलात चोच खुपसणाऱ्यांना भक्ष्य दिसत नाही, मग ते सापडतं कसं? बऱ्याच वेडरांच्या चोचीचं टोक अत्यंत संवेदनशील असतं. हाडातल्या बारीक खळग्यांत दाब ओळखणारी हजारो चेताग्रं दाटीवाटीनं बसलेली असतात. नॉट नावाचा, तुतवारांच्या कुळातला एक पक्षी ओल्या वाळूत गाडलेले शिंपले शोधून खातो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नॉटांपुढे ओल्या वाळूचे ट्रे ठेवले. काहींत नुसती वाळू होती, काहींत दगड पुरलेले होते. दगडाला वास नाही, तो हलत नाही, तरी पक्ष्यांनी फरक ओळखला. चोच वाळूत घुसली की कणांमधलं पाणी ढकललं जातं. जवळ टणक वस्तू असेल तर त्या पाण्याची वाट अडते आणि दाब किंचित बदलतो. तो बदल नॉटच्या चोचीला कळतो. हे मला पक्ष्यांबद्दल वाचलेल्या सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटतं. शिवाय गॉडविट, तुतवार यांसारख्यांना वरच्या चोचीचं नुसतं टोक उचलता येतं. बाकी चोच चिखलात मिटलेली आणि टोक तेवढं चिमट्यासारखं उघडतं. पूर्ण चोच उघडायची तर वरचा चिखल बाजूला ढकलण्यातच जोर गेला असता.

शिंप्याची चोच साधीच आहे. बारीक, टोकदार, जराशी बाकदार, कीटक टिपायला पुरेशी. पण विणीच्या हंगामात मादी त्या चोचीनं जे करते, ते बघण्याजोगं असतं. आधी ती एक मोठं पान निवडते किंवा जवळजवळची दोन-तीन पानं. पानाच्या कडेला चोचीच्या टोकानं अगदी बारीक भोक पाडते. मग कोळ्याच्या जाळ्याचा धागा, कापूस किंवा झाडाच्या सालीचा तंतू त्या भोकातून ओढून घेते आणि समोरच्या कडेच्या भोकातून बाहेर काढते. गाठ ती मारत नाही. भोकाबाहेर आलेलं तंतूचं टोक पिंजून फुगतं आणि त्यामुळे तो मागे सरकत नाही. एकेक टाका घालत पानाचा खोल द्रोण होतो, आत मऊ कापसाचं अस्तर पडतं. भोकं इतकी लहान की पान वाळत नाही, हिरवंच राहतं, आणि घरटं इतर पानांत बेमालूम मिसळून जातं.

शेकाट्याचं घरटं याच्या अगदी विरुद्ध. पाण्याकाठी किंवा मधल्या उंचवट्यावर जमिनीतला एक उथळ खळगा, फार तर थोडे खडे, काड्या. पाणी चढू लागलं तर खाली चिखल, काड्या सारून तो उंच केला जातो. अंडी बहुधा चार, एका टोकाला निमुळती, टोकं आत करून मांडलेली. मातकट रंगावर काळे ठिपके असल्यामुळे पाचेक पावलांवरूनही दिसत नाहीत. उघड्यावर ऊन थेट लागतं, म्हणून जोडीतला पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतो. टिटवीही हेच करते.

अंड्याच्या आतला फरक बाहेरून दिसत नाही, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. शेकाट्याची अंडी साधारण 22 ते 26 दिवस उबवावी लागतात. बाहेर येणारं पिल्लू लव ल्यालेलं, डोळे उघडे असलेलं, आणि काही तासांत चालायला लागणारं असतं. पहिल्या दिवसापासून ते स्वतःचं खाणं स्वतः टिपतं. आईबाप राखण करतात, ऊब देतात, भरवत नाहीत. शिंप्याचं अंडं बारा-एक दिवसांत फुटतं. पिल्लू उघडंबागडं, आंधळं, चोच वासण्यापलीकडे काहीही न येणारं. आईबाप सतत किडे आणतात आणि जेमतेम दोन आठवड्यांत ते घरटं सोडतं. दोन्ही पद्धतींत पिल्लावर खर्च होतोच, फक्त तो वेगवेगळ्या वेळी होतो. शेकाट्याची मादी बराचसा खर्च आगाऊ, अंड्यातच करते. जन्मताच चालणाऱ्या पिल्लांच्या अंड्यात बलक सुमारे 35 ते 40 टक्के असतो. असहाय पिल्लांच्या अंड्यात तो 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेला खर्च आईबाप नंतर चोचीनं वाहून आणतात. जमिनीवर उघड्या खळग्यात पिल्लू दोन आठवडे पडून राहिलं तर कुणीतरी ते खाणारच. पानाच्या द्रोणात दडवलेलं पिल्लू तेवढा वेळ काढू शकतं.

इथवर सगळं नीट जुळतं. लांब पाय, मागचं बोट नाही, जमिनीवरचं घरटं, चालणारी पिल्लं, सगळं पाणथळीमुळे, असं म्हणावंसं वाटतं. मग बगळा समोर येतो आणि ही मांडणी मोडते. बगळा शेकाट्यासारखाच उथळ पाण्यात लांब पायांवर उभा असतो. पण त्याचं मागचं बोट चांगलं लांब आहे, घरटं झाडावर असतं आणि त्याची पिल्लं शिंप्याच्या पिल्लांसारखी आईबापांवर विसंबून असतात. एकाच जागेत राहणारे दोन पक्षी संसार मात्र अगदी वेगळा करतात.

याचं कारण वंशात आहे. वेडर हा काही एकच घराण्याचा गट नाही. शेकाट्या, टिटवी, तुतवार हे सीगलच्या गणातले. बगळ्याचं नातं पेलिकन आणि शराटीशी. करकोचे वेगळे, क्रौंच आणखी वेगळे. रोहिताचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे टिबुकलीचं कूळ, आणि टिबुकलीचे पाय तर चांगलेच आखूड असतात. म्हणजे लांब पाय हे नात्याची खूण नाहीत. उथळ पाण्यात अन्न होतं म्हणून वेगवेगळ्या वंशांत ते स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घडत गेले. उलट बाजूनंही हेच दिसतं. टिटवी वंशानं शेकाट्याच्या गोतावळ्यातली, पण कित्येकदा पाण्यापासून दूर कोरड्या माळावर राहते. तरी तिची पिल्लं जन्मताच चालतात आणि अंडी जमिनीवरच असतात. परीट पक्षी पाण्याच्या काठाकाठानं शेपटी हलवत पळतो, पण तो शिंप्याच्या गणातला. त्याची पिल्लं आंधळी जन्मतात आणि तो गातो.

पॅसेरिन गणात आज 6,000 हून जास्त जाती आहेत. जगातल्या सुमारे 11,000 जातींपैकी निम्म्याहून अधिक. 2008 सालच्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या गणाचे सर्वांत जवळचे नातलग पोपट आणि त्यानंतर ससाणे निघाले, आणि 2014 साली 48 पक्ष्यांच्या पूर्ण जनुकसंचांवरून त्याला दुजोरा मिळाला. ससाण्याला गरुडापेक्षाही शिंपी जवळचा, हे दिसण्यावरून कुणाच्या मनातही आलं नसतं. यातला जो मोठा उपगट गाणाऱ्या पक्ष्यांचा, त्याची मुळं ऑस्ट्रेलियाच्या भागात असल्याचं मानलं जातं. तिथून तो जगभर पसरला.

आणि गाणं ही खास वंशाची देणगी. पक्ष्याचा आवाज घशातून निघत नाही. श्वासनलिका जिथं दोन फुप्फुसांकडे दुभंगते, तिथं खाली छातीत स्वरयंत्र असतं. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, त्यामुळे काही जाती एकाच वेळी दोन स्वर काढतात. त्याला सांभाळणारे स्नायूही या गटात जास्त आणि नाजूक कामाचे. शेकाट्याचा ‘किक-किक-किक’ तीक्ष्ण असतो, उघड्या पाण्यावर दूरवर जातो, पण तो जन्मतःच ठरलेला असतो. पिल्लाला तो कुणी शिकवत नाही. गाणाऱ्या पक्ष्याला मात्र गाणं शिकावं लागतं. 1950 च्या दशकात संशोधक विल्यम थॉर्प यांनी केंब्रिजला शॅफिंच पक्ष्यांची पिल्लं मोठ्या पक्ष्यांचं गाणं न ऐकवता वाढवली. ती गायली, पण गाणं ओबडधोबड, अपुरं निघालं. 1965 साली संशोधक मासाकाझू कोनिशी यांनी दाखवलं की गायला लागण्याआधी पक्ष्याची ऐकण्याची शक्ती गेली तर त्याचं गाणं आणखीच बिघडतं. म्हणजे पिल्लू आधी ऐकून लक्षात ठेवतं, मग आधी अस्पष्ट पुटपुटतं आणि स्वतःचा आवाज त्या आठवणीशी ताडून सुधारत नेतं. या शिकण्यासाठी मेंदूत खास केंद्रं असतात. कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याच्या अशा केंद्रांवर काम करताना संशोधक फर्नांडो नॉटेबोम यांना 1980 च्या दशकात दिसलं की प्रौढ पक्ष्याच्या मेंदूतही नवीन चेतापेशी तयार होतात. मेंदूविज्ञानातली फार जुनी समजूत त्यामुळे हलली. आवाज शिकणारे पक्षी मुख्यतः तीन गटांत सापडतात: गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड.

हे पटवून घ्यायला कोकीळ आणि कावळा यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कोकीळ कितीही गोड ओरडला तरी तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला नाही. तो कावळ्याच्या घरट्यात वाढतो, दिवसभर कावळे ऐकतो, आणि मोठा झाल्यावर बिनचूक कोकिळाचीच साद घालतो, कारण ती त्याला उपजत असते. कावळा मात्र वंशानं गाणारा पक्षी आहे. स्वरयंत्र तेच, आवाज शिकायची क्षमताही आहे. गाणं केवळ नराचंच असतं ही समजूतही मागे पडली आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जगव्यापी आढाव्यात, तपासलेल्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य जातींच्या माद्याही गातात असं दिसलं.

उडण्याबाबत थोडक्यात सांगतो. शेकाट्याचे पंख लांब आणि टोकदार, उडताना पाय शेपटीच्या बरेच मागे लोंबतात. शिंप्याचे पंख आखूड आणि गोलसर, झुडपातून या फांदीवरून त्या फांदीवर जाण्यापुरते. तेव्हा लांबचा प्रवास वेडरांचाच असं वाटेल, आणि विक्रम त्यांच्याच नावावर आहे हेही खरं. 2022 साली अंगावर ट्रान्समीटर लावलेला एक तरुण गॉडविट अलास्काहून टास्मानियाला न थांबता 11 दिवसांत सुमारे 13,560 किमी उडाला. पण ब्लॅकपोल वॉर्बलर हा जेमतेम 12 ग्रॅमचा गाणारा पक्षीही अटलांटिकवरून 2,270 ते 2,770 किमी सलग उडतो, हे 2015 साली सिद्ध झालं. प्रवासाची क्षमता ना फक्त वंशाची, ना फक्त आकाराची.

वेडरांबद्दल मला काळजी वाटते ती याच सगळ्यामुळे. शिंपी बागेतल्या एखाद्या रुंद पानावरही निभावून नेतो. वेडराची चोच मात्र ठरावीक चिखलाच्या ठरावीक खोलीसाठी घडलेली असते. तो पट्टा भराव टाकून बुजवला तर ती चोच दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाही. बारीक चोचीचा कर्ल्यू 1995 साली मोरोक्कोत शेवटचा खात्रीनं नोंदला गेला, त्यानंतर नाही.

विणीच्या दिवसांत पाणथळीवर गेलात आणि शेकाटे लांब पाय लोंबकळत ठेवून तुमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले, तर अंडी किंवा पिल्लं अगदी जवळ आहेत असं समजा. फोटोसाठी पुढे जाऊ नका. आधी पायाखाली बघा आणि आलात त्याच वाटेनं मागे फिरा. त्यांना उन्हात अंड्यांवरून उठवून ठेवलं, तर अंडी काही मिनिटांत तापतात.